डीबी१ की डीबी२?

३१ जानेवारी २०१७. जगभरचे प्रोग्रॅमर ज्या गिटलॅब डॉट कॉमवर आपला कोड ठेवतात, तिचा डेटाबेस दोन पोस्टग्रेस सर्व्हरवर होता. डीबी१ मुख्य, डीबी२ राखीव. खालच्या वेळा यूटीसीच्या आहेत. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे.

१७:२०
एका इंजिनिअरला स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, पीजीपूल वापरून पाहायचं आहे. त्यासाठी ताजा डेटा हवा, म्हणून तो मुख्य डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट हाताने घेऊन स्टेजिंगवर चढवतो. एरवी हा स्नॅपशॉट २४ तासांतून एकदाच निघायचा.

१९:००
डेटाबेसवर ताण वाढतो. संशय स्पॅमवर. नंतर कळलं की कुणा खोडसाळाच्या तक्रारीवरून कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं, त्याच्या सगळ्या डेटासकट, पुसण्याचं काम मागे चालू होतं.

२३:००
डीबी२ मागे पडतो. त्याला हव्या असलेल्या वॉल फाइल्स (बदलांच्या नोंदी) डीबी१वरून आधीच काढल्या गेल्यात आणि त्यांचं आर्काइव्ह ठेवलेलं नाही. आता डीबी२ रिकामा करून सगळा डेटा नव्याने उतरवून घ्यायचा, एवढंच हातात उरतं. रात्र झाली म्हणून थांबतो म्हणालेला इंजिनिअर थांबत नाही.

डेटा उतरवून घेणारी पीजी-बेसबॅकअप ही कमांड चालवली तर मॅक्स-वॉल-सेंडर्सची मर्यादा कमी पडते. ती ३२ केली. आता सेमाफोर जास्त झाले म्हणून पोस्टग्रेस सुरूच होईना. मॅक्स-कनेक्शन्स ८००० होतं, ते २००० वर आणलं. सर्व्हर उठला. पुन्हा बेसबॅकअप. पडद्यावर एक अक्षर नाही.

खरं तर ते बिघडलेलं नव्हतं. मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला लागेपर्यंत ही कमांड गप्पच बसते. एका सहकाऱ्याने हे पूर्वी पाहिलंही होतं, पण रनबुकमध्ये त्याची नोंद झाली नव्हती. ती एक ओळ असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

२३:२७
डीबी२वरची डेटा डिरेक्टरी रिकामी असली तरी शिल्लक आहे, तीच आड येत असावी, असं समजून तो आरएम कमांड देतो. एक-दोन सेकंदांत लक्षात येतं की हे टर्मिनल डीबी१चं आहे. कमांड थांबवली. सुमारे ३०० जीबीपैकी उरले ४.५ जीबी.

मध्यरात्रीनंतर
बॅकअपची शोधाशोध. पीजी-डंपच्या रोजच्या प्रती एस-थ्रीवर जायला हव्या होत्या, बकेट रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, पण डंप ज्या सर्व्हरवरून निघायचा तिथे डेटा डिरेक्टरी नव्हती, म्हणून स्क्रिप्टने डिफॉल्ट ९.२चं पीजी-डंप उचललं आणि ते रोज फेल होत राहिलं. क्रॉन त्याची ईमेल पाठवत होता, पण त्यांसाठी डीमार्क चालू केलेलं नसल्याने त्या वाटेतच नाकारल्या जात होत्या. अॅझ्युअरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते.

हाती राहिली ती १७:२०ची प्रत.

१ फेब्रुवारी, दिवसभर
स्टेजिंगच्या डिस्क संथ, ६० एमबीपीएसच्या. कॉपी व्हायला सुमारे १८ तास लागतात. कंपनी काहीही झाकत नाही. कामाची टिपणं सर्वांसाठी खुली, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, एका वेळी ५००० हून अधिक प्रेक्षक. इतकं धैर्य मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

१८:००
साइट परत येते. रिपॉझिटरी आणि विकी शाबूत. पण मधल्या सहा-साडेसहा तासांतले सुमारे ५००० प्रोजेक्ट, ५००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच.

१० फेब्रुवारी
सविस्तर अहवाल प्रसिद्ध होतो. त्यात इंजिनिअरचं नाव नाही, आणि ते अगदी योग्यच. करायच्या कामांत टर्मिनलचा प्रॉम्प्ट आहे: पूर्ण होस्टनेम दिसावं, प्रॉडक्शन लाल, स्टेजिंग पिवळं. पीएस-वनमध्ये एक ओळ बदलली की हे होतं. ज्यांच्याकडे झालेलं नाही त्यांनी ते आजच करावं. पुढे स्नॅपशॉट दर तासाला, आणि पोस्टग्रेसचा बॅकअप आपोआप रिस्टोअर करून तो खरोखर उघडतो का, याची तपासणी.