स्वामी रामानंद तीर्थ कोण होते? मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे मुरूम परिसराशी नाते काय?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मुरूम, उमरगा, लोहाऱ्यासह संपूर्ण मराठवाड्यात शाळाशाळांतून झेंडावंदन होते. स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्टला होऊन गेलेला असतो, मग महिनाभराने पुन्हा झेंडा का? कारण १९४७ मध्ये हा भाग भारतात नव्हता, तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो भारतात यावा म्हणून झालेल्या लढ्याचे नेतृत्व भगव्या वस्त्रांतल्या एका संन्याशाने केले.

सुरुवातीचे आयुष्य
स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापुरात शिकत असताना गांधीजींच्या असहकार चळवळीमुळे त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे अमळनेर आणि पुण्यात राष्ट्रीय शिक्षण घेऊन ते कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम करू लागले. मात्र प्रकृती बिघडल्याने ते काम थांबले.

हिप्परगा: शिक्षक ते संन्यासी
१९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात, म्हणजे मुरूमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. संस्थानात तेव्हा सभा-संघटनांवर कडक बंधने होती आणि सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा काळात मातृभाषेतून शिकवणारी शाळा हेच माणसे घडवण्याचे साधन होते. हिप्परग्यातील वास्तव्यातच त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते ‘रामानंद तीर्थ’ झाले. १९३५ मध्ये ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले. तिथे बाबासाहेब परांजपे यांच्यासह त्यांनी योगेश्वरी विद्यालय वाढवले.

निजामाविरुद्धचा लढा
१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची स्थापना होण्याआधीच बंदी आली. बंदी मोडून सत्याग्रह करताना स्वामीजी तुरुंगात गेले. ही बंदी १९४६ मध्ये उठली. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला. त्याला उत्तर म्हणून ७ ऑगस्टला संस्थानभर ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळण्यात आला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. ‘जैसे थे’ करारानंतर त्यांची काही काळ सुटका झाली, पण लवकरच पुन्हा अटक झाली.

बाहेर रझाकारांचा जुलूम वाढत होता. मुरूम-उमरगा भागाला सोलापूर जिल्ह्याची हद्द लागून होती. हद्दीपलीकडच्या सरहद्द कॅम्पांतून कार्यकर्ते संस्थानात शिरून लढत. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात आले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर स्वामीजींची सुटका झाली.

सत्ता दारात, पण पद नाही
लढ्याचा सर्वोच्च नेता असूनही स्वामीजी ना मुख्यमंत्री झाले, ना मंत्री. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून ते लोकसभेवर निवडून गेले.

हैदराबाद राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन भाषिक प्रदेश होते. हे राज्य अखंड ठेवावे, असे अनेक नेत्यांना वाटत होते. भाषेनुसार त्याची विभागणी व्हावी, हा स्वामीजींचा आग्रह होता. ज्या राज्यासाठी तुरुंगवास सोसला, तेच मोडावे असे ते सांगत होते. कारण साधे होते: कारभार लोकांच्या भाषेत चालला नाही, तर सामान्य माणसाला त्यात जागा मिळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे राज्य विसर्जित झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाले. आज मुरूमच्या माणसाचा सातबारा मराठीत निघतो, त्यामागे हा निर्णय आहे.

निधन आणि वारसा
२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्याच मुशीत घडलेले कार्यकर्ते होते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे.