वापरलेल्या कॅसिनो चिप्सची स्वच्छता

वापरलेल्या कॅसिनो चिप्सची स्वच्छता म्हणजे कॅसिनोतील वापरातून बाद झालेल्या मातीमिश्रित चिप्सवरील मळ घरगुती साधनांनी काढून त्यांचा रंग शक्य तितका उजळ करण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेतील संग्राहक व घरी पोकर खेळणारे हौशी लोक यांच्यात ती विशेष प्रचलित आहे. मळ निघू शकतो, परंतु झालेली झीज भरून येत नाही. म्हणून स्वच्छता कोठे थांबवावी, याला या कामात सर्वाधिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

कॅसिनोत रोख पैशाऐवजी चिप्स वापरल्या जातात. कॅसिनो बंद झाल्यावर किंवा नवा संच आल्यावर जुन्या चिप्स सामान्यतः नष्ट केल्या जातात. तथापि ग्राहकांनी घरी नेलेल्या चिप्स संग्राहकांपर्यंत पोहोचतात. अमेरिकेत अशा संग्राहकांची संघटना १९८८ मध्ये स्थापन झाली.

रचना

कॅसिनो चिपचा व्यास साधारणतः ३९ मिलिमीटर, तर वजन ८ ते १० ग्रॅम असते. तिला ‘क्ले’ चिप म्हणत असले, तरी ती भाजलेल्या मातीची नसते. माती, इतर खनिजे व बंधक द्रव्य यांचे मिश्रण उष्णता व दाब देऊन साच्यात घडवले जाते. पॉलसन या अमेरिकी उत्पादनाच्या चिप्सवरील टोपी व काठीचे उठावाचे चिन्ह प्रसिद्ध आहे. चिपच्या मध्यभागी छापील लेबल असते किंवा तापवलेल्या ठशाने उमटवलेली चकचकीत अक्षरे असतात. हाताचा घाम, त्वचेवरील तेल व धूर यांचा थर पृष्ठभागाच्या बारीक जाळीदार खाचांत बसतो आणि चिप काळवंडते.

पद्धत

१. प्रथम संचातील सर्वांत खराब चिप प्रयोगासाठी निवडावी.

२. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंब घालावेत. चिप्स त्यात फार वेळ भिजत ठेवू नयेत.

३. एकेक चिप मऊ दातघाशीने हलक्या हाताने घासावी. लेबल व चकचकीत अक्षरे यांवर जोर देऊ नये.

४. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच मऊ कापडाने टिपावी व सावलीत पूर्ण वाळू द्यावी.

धुतल्यानंतर चिप बहुधा कोरडी व फिकट दिसते. अशा वेळी लिक्विड पॅराफिन, म्हणजे औषधी दर्जाचे खनिज तेल, अत्यल्प प्रमाणात लावून काही तासांनी पुसून काढतात. त्यामुळे रंग पुन्हा गडद दिसतो. तेल अधिक झाल्यास चिप्स निसरड्या होऊन त्यांची चळत घसरते. खोबरेल किंवा गोडेतेल कालांतराने खवट होत असल्याने ते वापरू नये.

सावधगिरी

ॲसिटोनसारखी द्रावके शाई व लेबल खराब करतात. मेलामाइन स्पंज डाग काढतो, परंतु तो मुळात सूक्ष्म पॉलिशपेपरासारखे काम करतो; वारंवार वापरल्यास पृष्ठभागाची जाळी व कडेची धार बोथट होते. काही जुन्या चिप्समध्ये वजन वाढवण्यासाठी शिशाची संयुगे मिसळलेली असतात. म्हणून हातमोजे घालावेत, चिप कोरडी घासून धूळ उडवू नये, स्वयंपाकाची भांडी या कामी वापरू नयेत आणि शेवटी हात साबणाने धुवावेत. मुलांना हे काम देऊ नये.

मूल्यावरील परिणाम

संग्राहक चिपची धारदार कड, रंग व अक्षरांची स्पष्टता यांवरून तिची अवस्था ठरवतात. वरवरचा मळ काढल्याने सहसा हानी होत नाही. घासून केलेली झीज मात्र कायमची असते. तेलाने आलेला गडदपणाही वापराच्या खुणा तात्पुरत्या झाकतो. त्यामुळे विक्रीच्या वेळी चिप धुतली वा तेलवली असल्यास तसे सांगणे उचित ठरते. दुर्मीळ चिप, तिचे मूल्य निश्चित होईपर्यंत, आहे त्याच स्थितीत ठेवणे श्रेयस्कर.

हेही पहा

पोकर
कॅसिनो
नाणकशास्त्र