औटकी

माझा जन्म १९५० चा, वाईच्या मधल्या आळीतला. घराला पुढे ओसरी, मागे पडवी. ओसरी तात्यांची, म्हणजे आजोबांची. पडवी माईची, म्हणजे आजीची. मला बोलायला कुणी शिकवलं असं विचारलंत, तर मी अनेक वर्षं ओसरीकडे बोट दाखवायची. पस्तीस वर्षं बालवाडी चालवल्यावर आता ते बोट पडवीकडे वळलं आहे. ते का, ते सांगते.

दिवेलागणीला माई देवापाशी निरांजन आणि तुळशीपाशी पणती लावायची. तेवढ्यात ओसरीवरून तात्यांचं खाकरणं ऐकू यायचं. ते खाकरले की परवचा सुरू. हातपाय धुऊन आम्ही पाच-सहा नातवंडं भिंतीशी ओळीनं मांडी घालून बसायचो. आधी शुभं करोति, मग रामरक्षा, भीमरूपी, मनाचे पाच-सात श्लोक. मग वार, तिथी, महिने आणि सत्तावीस नक्षत्रं. शेवटी पाढे. आधी तीसपर्यंतचे साधे आणि मग अपूर्णांकांचे: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन. त्यांची नावं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. हा शब्द आज ‘औट घटकेचा राजा’ या एका ठिकाणी तेवढा तग धरून आहे.

ही काही तात्यांची लहर नव्हती. इंग्रजी अमदानीतल्या शाळा येण्याआधी गावोगाव पंतोजी असत. देवळात नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर त्यांची शाळा भरे. मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवत, मोडी शिकत आणि उजळणी घोकत. कागद महाग, म्हणून डोकं हीच वही. दिवसा घोकलेलं संध्याकाळी घरी म्हणून दाखवायचं, तो परवचा. पंतोजी गेले, तरी परवचा घरातून हलला नाही.

अपूर्णांकांचं एवढं कौतुक का, तर बाजार त्यांच्यावरच चालायचा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. धान्य मोजायचं तर दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दूधवाल्याकडून सात शेर दूध घेतलं, शेराला अडीच आणे, किती झाले? कागद-पेन्सिल शोधेपर्यंत दूध नासायचं. अडीचकी येणारा मुलगा तोंडातल्या तोंडात पुटपुटून सांगायचा: साडेसतरा आणे, म्हणजे एक रुपया दीड आणा.

आणि मग १ एप्रिल १९५७ उजाडला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मी सात वर्षांची होते आणि सवायकीत अडकले होते. त्यापाठोपाठ शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. ज्या हिशोबासाठी औटकी होती, तो हिशोबच उठून गेला. तात्यांनी मात्र एकही पाढा वगळला नाही. व्यवहारासाठी जन्मलेली गोष्ट आमच्या ओसरीवर नुसती शिस्त होऊन उरली.

परवच्यानं मला काय दिलं हे मी विसरत नाही. जीभ वळली. ‘श’ आणि ‘ष’ वेगळे झाले, जोडाक्षरांची भीती गेली, श्वास कुठे घ्यायचा ते कळलं. पण त्या ओसरीवर एक नियम होता: मध्ये बोलायचं नाही. नक्षत्रांमध्ये पूर्वाभाद्रपदा आणि उत्तराभाद्रपदा ओळीनं येतात. या दोघी सख्ख्या बहिणी असून भाद्रपदांच्या घरच्या आहेत, अशी माझी चांगली दहा वर्षांची होईपर्यंत समजूत होती. मी विचारलं नाही आणि मला कुणी विचारलं नाही. म्हणताना एक अक्षर चुकत नव्हतं, त्यामुळे कळलं नाही हे कळायला वाटच नव्हती.

पडवीत वेगळा कारभार होता. पहाटे चारच्या सुमाराला माई जात्यावर बसायची. मी गोधडीसकट तिच्या मांडीला डोकं टेकायची. जातं फिरलं की मांडी हलायची, मांडी हलली की ओवी यायची. ओवीत घरातलीच माणसं असायची: माझे काका, माझी आत्या, आत्याचं सासर, वाटेतली नदी. वैरण घालायला हात थांबला की माई विचारायची, “आता कुणाला घेऊ?” मी एकदा माझ्या चिंध्यांच्या बाहुलीचं नाव सांगितलं. पुढच्या फेऱ्याला बाहुली ओवीत बसून सासरी निघाली. “सासरी कशी जाईल? तिला पाय नाहीत,” मी म्हटलं. “मग मेणा मागवू,” माई म्हणाली आणि ओवीत मेणा आला. मेणा हा शब्द मला असा मिळाला. खुंटा, वैरण, तळी, भरड, कणी, कोंडा हेही शब्द तिथलेच. ते पाठ केल्याचं मला आठवत नाही.

परवचा काही सगळ्यांच्या ओसरीवर नव्हता. तो लिहित्या-वाचत्या घरांचा, त्यातही मुलग्यांसाठी आधी आणि मुलींसाठी जमलं तर. जातं मात्र सगळ्यांच्या घरी होतं. म्हणून तर ओव्यांचा साठा एवढा अफाट. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. यातल्या कितीतरी ओव्या मांडीला डोकं टेकलेल्या पोरांनी पहिल्यांदा ऐकल्या असतील.

म्हणून कुणी जात्याच्या आठवणीनं उसासे टाकू नयेत. भाषेच्या नावानं हळहळणाऱ्यांनी आधी दोन शेर ज्वारी दळून पाहावी. आमच्या आळीत पिठाची गिरणी आली त्या दिवशी माईनं पेढे वाटले होते. तिच्या तळहाताचे घट्टे मी पाहिलेत. गिरणीनं तिचे कष्ट घेतले ते बरंच झालं. त्या कष्टांबरोबर बोलण्याचा एक तासही पिशवीत भरून गिरणीवर गेला, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. ओसरीवरचा तासही पुढे गेला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या घरी संच आला तो त्यानंतर बारा वर्षांनी. मग दिवेलागणीला आधी मुलं परवच्यातून उठली, नंतर साडेसातच्या बातम्यांसाठी मोठेही.

मी १९७१ मध्ये बालवाडीत लागले. तीन-चार वर्षांनी आम्हा काही जणींना कोसबाडला आठ दिवस राहायला मिळालं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं होतं. ते १९५७ मध्ये, म्हणजे नवे पैसे आले त्याच वर्षी, कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढल्या. मी गेले तेव्हा ताराबाई नव्हत्या. पण महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं ही त्यांची रीत चालू होती.

तिथे मी एक वारली मूल पाहिलं. चार वर्षांचं असेल. वर्गात ते तोंड उघडेना. माझ्या मनानं त्याच्यावर ‘मागे पडलेलं’ असा शिक्काही मारला होता. दुपारी पाड्यावर गेलो, तर तेच मूल आजीशेजारी बसून बिया निवडत होतं आणि एकसारखं बोलत होतं, वारलीत. आजी मान वर न करता प्रत्येक वाक्याला उत्तर देत होती. मला एकदम माझी पडवी दिसली. त्या मुलाला भाषा होती. वर्गात तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं, एवढंच.

त्यानंतर माझ्या बालवाडीत आया विचारायच्या, “बाई, याला बोलायला शिकवायला काय करू? श्लोक पाठ करून घेऊ?” मी म्हणायची, घ्या की, जीभ वळेल. पण भाजी निवडताना त्याला शेजारी बसवा. तो जे म्हणेल त्यावर काहीतरी बोला, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा. माई वैरण घालताना थांबायची तेवढं.

माझा नातू आता चार वर्षांचा आहे, पुण्यात असतो. गेल्या महिन्यात आम्ही मटार सोलत बसलो होतो. त्याचा बाबा दुपारी जेवायला यायचा होता. “आजी, बाबा साडेएक वाजता येणार,” तो म्हणाला.

माझ्यातले तात्या खाकरले. साडेएक नाही, दीड म्हण, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण या मुलानं साडेतीन, साडेचार ऐकून स्वतःच्या डोक्यानं साडेएक तयार केलं होतं. त्यानं नियम पकडला होता, आपल्या भाषेनंच दीड आणि अडीचला तो मोडला आहे. मी म्हटलं, “हो का? दीड वाजता येणार? मग दीडपर्यंत मटार व्हायला हवेत.” तो म्हणाला, “हो, साडेएकपर्यंत.” आम्ही सोलत राहिलो.

असं आठ-दहा दिवस चाललं. तो साडेएक म्हणायचा, मी दीड म्हणून उत्तर द्यायची. परवा फोनवर त्यानं मला सांगितलं की त्याची शाळा दीडला सुटते. मी काहीच बोलले नाही. शाळेत डब्याला काय नेलं होतंस, तेवढं विचारलं.