हायब्रिड थिएटरची कुळकथा

हायब्रिड ऑपरेशन थिएटर म्हणजे निर्जंतुक शस्त्रक्रियेची पूर्ण सोय आणि पक्की बसवलेली अँजिओग्राफीची (क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दाखवणारी) सी-आर्म असलेली एकच खोली. टेबल कार्बन फायबरचे असते, त्यातून क्ष-किरण सहज आरपार जातात. नवे स्टेंट, झडपा आणि कॅथेटर माणसात जाण्याआधी अशाच खोल्यांत डुकरांवर आणि मेंढ्यांवर तपासले जातात.

या खोलीचे मूळ सहसा 1990 मध्ये दाखवतात. त्या वर्षी ब्युनॉस आयर्समध्ये हुआन परोदी यांनी मांडीच्या धमनीतून नेऊन महाधमनीच्या फुगवट्यात कापडी नळी बसवली आणि शल्यविशारदाला क्ष-किरणांचा पडदा टेबलाशीच लागू लागला. पण परोदींचे कुत्र्यांवरचे प्रयोग 1976 पासूनचे. डेन्मार्कच्या हेनिंग अँडरसन यांनी कॅथेटरने बसणारी झडप 1989 मध्ये डुकरात बसवली. माणसाच्या महाधमनीत तशी झडप बसायला 2002 उजाडले. तेव्हा मूळ शोधायचे ते प्राण्यांच्या प्रयोगशाळेत.

शस्त्रक्रिया आणि क्ष-किरण चित्रण एकत्र का यावे लागले, हे मुंबईच्या परळमधल्या केईएम रुग्णालयात झालेल्या एका प्रयोगातून उलगडते. 1965 मध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी टेहमटन उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांच्यासह ‘ट्रान्समायोकार्डियल अ‍ॅक्युपंक्चर’ ही पद्धत मांडली. कल्पना सरपटणाऱ्या प्राण्यांकडून घेतलेली. त्यांच्या हृदयाच्या स्नायूला बरेचसे रक्त थेट हृदयाच्या पोकळीतून मिळते. मग कुत्र्याच्या हृदयाच्या भिंतीला सुईने भोके पाडली, तर हृदयाची रोहिणी (धमनी) तुंबली तरी स्नायू जगेल का? धाडसी आणि अस्सल विचार! पुढे 1980 च्या दशकात सुईची जागा लेसरने घेतली आणि 1998 मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यताही मिळाली.

वाद मात्र भोकांवरच अडला. ती उघडी राहतात की बुजतात? शवविच्छेदनांत लेसरची बरीच भोके बुजलेली आढळली. रुग्णांना मिळालेला आराम काहींनी नव्या केशवाहिन्यांच्या नावावर मांडला, तर काहींनी जळालेल्या मज्जातंतूंच्या.

कोरोनरी अँजिओग्राफी 1958 पासून उपलब्ध होती, पण भोक उघडे आहे की नाही याचा निवाडा हृदय कापूनच व्हायचा. म्हणजे एक प्राणी आणि त्याच्याकडून एकाच दिवसाचे उत्तर. हायब्रिड थिएटरचे खरे बीज या अडचणीत असावे. अशा खोलीत उपकरण बसवताच रक्तप्रवाह दिसतो आणि त्याच डुकराला काही आठवड्यांनी पुन्हा टेबलावर घेऊन तीच रोहिणी तपासता येते. प्रत्येक प्राणी स्वतःच स्वतःची तुलना ठरतो आणि प्राणी कमी लागतात. रुग्णांच्या सोयीतून खोली जन्मली म्हणणाऱ्यांकडे तोच प्राणी पुन्हा तपासण्याच्या या गरजेचे उत्तर नाही.

डुकराच्या कोरोनरी रोहिण्या माणसासारख्या, म्हणून स्टेंट डुकरात. कोवळ्या मेंढीत जैविक झडपेवर चुना लवकर चढतो, म्हणून झडपा मेंढीत. 1990 मध्ये माणसात बसलेली तिरुवनंतपुरमची यांत्रिक चित्रा झडपही मेंढ्यांतूनच पुढे आली. क्ष-किरणांना मात्र रक्ताची वाट दिसते, स्टेंटवर चढलेला पेशींचा पातळ थर नाही. त्यासाठी अभ्यासाच्या शेवटी ऊतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली आजही घ्यावेच लागतात.