निगराणी आणि निगा

पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या मुलांचा पहिला प्रश्न धड्याविषयी नसतो. "सर, राजाराम बंधाऱ्याला आज किती फूट?" असे एकजण विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा कोणीतरी घरून मोबाईलवर पाहून आलेला आकडा सांगून टाकतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या मुलांना पाढ्यासारखे पाठ असते. एकदा एका मुलाने विचारले, "सर, नदीचं पाणी फोनवर दिसतं, तर धरणाचं दारही फोनवरूनच का बंद करत नाहीत?" मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. पण ते उत्तर मलाच पुरेसे वाटले नाही, म्हणून हा लेख.

आमच्या राधानगरी धरणाची दारे फोनचीच काय, माणसाच्या हाताचीही वाट पाहत नाहीत. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर हे काम हाती घेतले. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा ते अपुरेच होते आणि पुरे व्हायला १९५० चे दशक उजाडले. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे. त्यात सुमारे ८.३६ टीएमसी पाणी मावते. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की त्या पाण्याच्याच भाराने तोल बदलतो आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटते. "राधानगरीचे दोन दरवाजे उघडले" ही बातमी आली की खाली नदीकाठचा माणूस गोठ्यातली जनावरे सोडायला लागतो.

अशा दरवाजांची कल्पना आपल्याकडे रुजवली ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी स्वयंचलित दरवाजे तयार केले आणि १९०३ मध्ये ते पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले गेले. वीज नाही, तार नाही, रात्री जागणारा शिपाई नाही. पाणी स्वतःच कळवते आणि स्वतःच दार उघडते.

पाण्यालाच पाण्यावर पहारा करायला लावायचा, हा विचार मात्र त्याहून खूप जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन असे तीन भाऊ होते. इतिहास त्यांना बनू मूसा म्हणून ओळखतो. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी 'किताबुल हियल' लिहिली. तिच्यात शंभरेक यंत्रांची वर्णने आहेत. तरंगणाऱ्या गोळ्याने उघडमीट करणारी झडप, आपोआप भरणारे भांडे अशा युक्त्या त्यात सापडतात. आपल्या घरावरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह याच बिरादरीतला. कैरोजवळच्या रोडा बेटावर ८६१ मध्ये नाईल नदीची पातळी मोजायचा खांब उभा राहिला. त्याला मिक्यास म्हणतात. खांबावर हातांच्या मापाच्या खुणा आहेत. पाणी साधारण १६ हात चढले की पीक चांगले येणार असे मानले जाई आणि शेतसाराही त्यावरून ठरे. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पुराच्या दिवसांत ती पातळी गल्लीगल्लीत ओरडून सांगणारे दवंडीवाले कैरोत होते. खांबाने मोजायचे आणि माणसाने दारोदार सांगायचे, अशी ती वाटणी होती.

आपल्या जिल्ह्यातही अशी वाटणी होती आणि आहे. महाराष्ट्रभर ज्याला के. टी. वेअर म्हणतात, तो मुळात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. त्याच्या गाळ्यांत पावसाळा सरला की बर्गे घालतात आणि पावसाळ्यापूर्वी काढतात. हे काम माणसे करतात. बर्गे वेळेत निघाले नाहीत तर पाणी तुंबते आणि वेळेत बसले नाहीत तर उन्हाळ्यात ऊस वाळतो. म्हणजे एकाच नदीवर वर आपोआप चालणारे दार आणि खाली हाताने काढायचे बर्गे, दोन्ही नांदतात.

आता त्यावर तिसरी गोष्ट आली आहे. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पातून कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापके आणि पातळी मोजणारी यंत्रे बसली. डोंगरात पडलेला पाऊस आणि धरणात चढलेले पाणी यांचे आकडे माणूस न पाठवता पुण्याच्या केंद्रात पोहोचतात आणि संगणकाच्या पडद्यावर दिसतात. कारखान्यांत याच व्यवस्थेला स्काडा म्हणतात. भट्टीचे तापमान असो की पंपाचा दाब, यंत्र एकीकडे आणि पाहणारा दुसरीकडे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' तर शेतकऱ्याच्याच हाती आले. शेतातल्या मोटारीला वीज आहे का हे मोबाईलवर कळते आणि घरबसल्या ती चालू-बंद करता येते. शेतीची वीज रात्री येते, तेव्हा बॅटरी घेऊन साप-विंचवांतून नदीकाठी जाणाऱ्याला विचारा याची किंमत.

मग त्या मुलाचे म्हणणे खरेच झाले की. दुरून दिसते आणि दुरून हलवताही येते. राहिले काय?

ते मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले. त्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीकडच्या सखल गल्लीत आमच्या ओळखीच्या एक खाला एकट्या राहायच्या. मुलगा आखातात नोकरीला. रात्री एक वाजता त्याचा मला फोन आला. "सर, पाण्याचा आकडा बघितला का? अम्मीचा फोन लागत नाही." तो तीन हजार किलोमीटरवर बसून पंचगंगा पाहत होता. मी दीड किलोमीटरवर झोपलो होतो. आणि तो आकडा मी संध्याकाळीच पाहिला होता. पाहिला, "बापरे" म्हणालो, दोन जणांना पुढे पाठवला आणि झोपलो.

मी आणि शेजारचा एक मुलगा गेलो तेव्हा पाणी उंबऱ्याला लागले होते. वीज गेलेली, फोनचे चार्जिंग संपलेले. खाला पलंगावर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. मला पाहून एवढेच म्हणाल्या, "मला वाटलं, कुणीतरी सांगायला येईल." १२ ऑगस्टची बकरी ईद त्यांनी आमच्या घरी केली. त्यांनी मला बोल लावला नाही, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

दुसरी गोष्ट डिसेंबर २०२१ ची. राधानगरीला दुरुस्तीच्या कामावेळी एक दरवाजा उघडाच अडकला आणि भर हिवाळ्यात नदीला पाणी वाढले. आभाळात ढग नाही, पाऊस नाही, त्यामुळे कोणाची नजर नदीकडे नव्हती. तेव्हाही नदीकाठच्या लोकांना सावध करावे लागले ते माणसांनीच.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून एक शब्द सांगतो. फारसीत 'निगाह' म्हणजे नजर. 'निगराणी' त्याच घराण्यातला, म्हणजे नजर ठेवणे. आपण मराठी माणसांनी 'निगाह'चे 'निगा' केले आणि अर्थ पुढे नेला. लेकराची निगा राखतात, म्हाताऱ्या माणसाची निगा राखतात. नुसते पाहणे म्हणजे निगा नव्हे. पडदा निगराणी करतो आणि ती उत्तम करतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यामुळेच तर आखातातल्या मुलाला आईची काळजी वेळेत लागली. पण निगा राखायला कोणालातरी उठून चालत जावे लागले.

म्हणून आता आमच्या वर्गात एक रिवाज आहे. आकडा जो सांगेल, त्याने आपल्या गल्लीतले एक घर सांगायचे, जिथे फोन नाही किंवा फोन वाचणारे कोणी नाही. शाळा सुटली की त्या दारावर थाप मारून आकडा सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगायचे की दार कोणी उघडले. ज्याने तो प्रश्न विचारला होता, त्याच्या वाट्याला खालांचे घर आले आहे.