बुरूड राजाचा कोट

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बेंबळीला आमच्या वस्तीतल्या विहारात पोरांचा अभ्यासवर्ग होता. एक पोरगं उठलं आणि तावातावानं बोलायला लागलं, "दादा, बौद्धांच्या काळात आपल्याकडं सोन्याचा धूर निघत होता. जात नव्हती, गुलामी नव्हती. पुढं बामणांनी सगळं बुडवलं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पोरगं चांगलं आहे. वाचतं, मोर्च्यात पुढं असतं. पण घरी आल्यावर मला झोप लागंना. मी नुकताच सोपाऱ्याचं जुनं बंदर बघून आलो होतो आणि त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत होतो. सोन्याचा धूर मला कुठं दिसला नव्हता. दिसलं ते वेगळंच होतं. ते त्या दिवशी सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहितो.

बेंबळीच्या माणसाला बंदराचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. आपल्याकडं उन्हाळ्यात नदीला पाणी राहत नाही, मग समुद्र कुठला? पण आपल्याच तालुक्यात तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून ते सगळ्यांना माहीत. त्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून जहाजानं येणाऱ्या एका ग्रीक बोलणाऱ्या माणसानं बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांवर लादून, मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला उतरवत. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९०१ साली दाखवून दिलं. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक बाहुली आहे. तशाच घडणीची बाहुली इटलीतल्या पाँपेई गावात सापडली, आणि ते गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे तेरचा माणूस समुद्राला अनोळखी नव्हता.

माझ्या आज्याकडं येसकरकी होती. साहेब गावात आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, वाट दाखवायची, वझं वाहायचं. तगरच्या गाड्यांचं वाचलं की मला आजा आठवतो. बिनरस्त्याच्या मुलखात गाड्यांपुढं कुणीतरी चालत असणारच. पेरिप्लसवाल्यानं मालाची यादी दिली. गाडीपुढं चालणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

त्याच पुस्तकात भडोचच्या खालच्या किनाऱ्यावरची बंदरं मोजताना पहिलं नाव येतं सुप्पारा, आणि मग कल्याण. सुप्पारा म्हणजे सोपारा. पाली ग्रंथांत सुप्पारक, संस्कृतात शूर्पारक. आज लोकलमध्ये जीव मुठीत धरून जिथं आपली माणसं उतरतात, तेच नालासोपारा. माझ्या आत्याचा पोरगा तिथं राहतो. रविवारी त्याच्याकडं गेलो आणि म्हणलं, स्तूप बघायचाय. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिथं काय बघता? मातीचा ढीग हाय नुसता." वहिनी फार चुकीचं बोलल्या नाहीत. विटांचा आणि मातीचा ढीगच आहे.

या ढिगाला तिथले जुने लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडाची मोठी पेटी निघाली. तिच्यात मधे तांब्याचा करंडा आणि भोवतीनं आठ छोट्या धातूमूर्ती, सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणंही मिळालं. आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय होतं? सोन्याची थोडी फुलं आणि मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. भगवंताच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपलेले. ज्याला सोन्याचा धूर हवा असेल त्यानं हे ध्यानात ठेवावं. सोनं झाकायला होतं, जपायची होती ती खापरं.

आता नावाचं बघू. पुराणवाले म्हणतात, हा मुलूख परशुरामाचा. महाभारतात समुद्रानं परशुरामासाठी शूर्पारक देश करून दिला, असं आहे. ज्यानं एकवीस वेळा माणसं कापली म्हणतात, त्याच्या नावावर बंदर चढवून मोकळे! गावातल्या साध्या माणसानं मात्र त्या ढिगाला बुरुडाचं नाव दिलं. शूर्प म्हणजे सूप. सूप कोण विणतं ते आपल्याला माहीत आहे. एवढ्यावरून मी असं म्हणणार नाही की सोपाऱ्याला खरंच बुरूड राजा होऊन गेला. तसं म्हणलं तर त्यांच्या पुराणाला आपलं पुराण, एवढंच होईल. पण पुराण सोडून दगडावर कोरलेलं वाचता येतं.

जुन्नरच्या लेण्यात लेख आहे. त्यात संघासाठी दिलेला पैसा बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं ठेव म्हणून ठेवला आहे. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांचा संघ. बुरुडांकडं ठेव! आजची बँक आपल्या माणसाला कर्ज देताना दहा हेलपाटे घालायला लावते. कार्ल्याला सामी नावाच्या सुतारानं आपलं नाव कोरलं आहे. नाशिकला मुगूदास दान देतो. तो आपल्याला 'दासक' म्हणवतो आणि अभ्यासक त्याचा अर्थ कोळी असा लावतात. तिकडं आंध्रात अमरावतीच्या स्तूपाला विधिक नावाच्या चर्मकारानं शिळा दिली, आणि 'चर्मकार' हा शब्द न लाजता दगडावर खोदून घेतला. सोपाऱ्याची माणसं तर घाटावरही सापडतात. नाणेघाटात पाण्याचं टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलं. कार्ल्याच्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सतिमित भिक्षूचं नाव आहे. बंदर आणि घाट अशी एक वाट होती. तिच्यावर कारागिराला आपल्या धंद्यासकट नाव सांगता येत होतं. हे खरं आहे, आणि हे थोडं नाही.

पण एवढंच सांगून थांबलो तर त्या पोरासारखंच होईल. पेरिप्लसमध्ये पुढं राजासाठी कुठला माल यायचा त्याची यादी आहे. चांदीची भारी भांडी, उंची दारू, गाणारी पोरं आणि जनानखान्यासाठी देखण्या पोरी. पोरं आणि पोरी दारूच्या रांगेत! हा माल भडोचला उतरायचा. किनारा एकच, धंदा एकच. बंदर म्हणलं की माणूसही विकला जातो. सातवाहन काय, क्षत्रप काय, राजा कुठलाही असो.

आणि आता पूर्णाची गोष्ट. 'दिव्यावदान' नावाच्या बौद्ध ग्रंथात ती आहे. ही कथा आहे, कोरीव लेख नव्हे. पण कथा कुणाला नायक करते ते बघा. सोपाऱ्यात भव नावाचा श्रीमंत व्यापारी होता. तो आजारी पडला, तेव्हा बायकोनं आणि पोरांनी त्याला टाकलं. घरातल्या दासीनं त्याची सेवा करून त्याला उठवलं. तिच्या पोटी त्याला पूर्ण झाला. बाप मेल्यावर वाटणी निघाली. दोन भाऊ म्हणाले, घर आणि शेत एकाचं, दुकान आणि परदेशातला माल एकाचं, आणि थोरल्या भाविलाला हा पूर्ण. कुणीतरी म्हणालं, अरे, पूर्णाचा वाटा? तर उत्तर असं की दासीच्या पोराला कुणी वाटा देतं का, आम्ही तर त्यालाच वाटणीत घातलंय. शेत, दुकान आणि सावत्र भाऊ, तिन्ही एका हिशेबात.

पूर्ण आणि भाविल रिकाम्या हातानं बाहेर पडले. पुढं एका मोळीविक्याच्या मोळीत पूर्णाला मोलाचं चंदन ओळखू आलं, त्यातून राजाचा ताप उतरला आणि तो व्यापाऱ्यांचा पुढारी झाला. सहा वेळा समुद्रावर जाऊन सुखरूप परत आला. सातव्या वेळी जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काही म्हणत होते. पूर्णानं विचारलं, हे गाणं कसलं? ते म्हणाले, गाणं नव्हे, बुद्धाचं वचन आहे. पूर्ण पैसाअडका सोडून श्रावस्तीला गेला आणि भिक्षू झाला. मग आपल्याच अपरांत मुलखात, कडक म्हणून गाजलेल्या माणसांत, जायची परवानगी त्यानं मागितली. बुद्धानं विचारलं, तिथले लोक शिव्या देतील, मारतील, जीव घेतील, मग काय करशील? प्रत्येक वेळी पूर्णाचं उत्तर तयार होतं. वाटणीत घातलेला माणूस शिवीला भिईल कशाला?

दासीच्या पोराची गोष्ट बौद्धांनी लपवली नाही. पण त्या दासीचं काय? तिनं माणूस जगवला आणि पोरगं जन्माला घातलं. कथेत ती शेवटपर्यंत 'दासी'च आहे. तिला संघाच्या कथेनंही नाव दिलं नाही. हेही आपल्याला म्हणता आलं पाहिजे.

सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही मिळाले. आठव्या आदेशाचा १८८२ साली, आणि नवव्या आदेशाचा जवळच्या भुईगावच्या किनाऱ्याला १९५६ साली. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेच साल. योगायोगच, पण नववा आदेश वाचा. गिरनारला तो पुरा आहे. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं, असं तो म्हणतो. खरा मंगलविधी म्हणजे दासांशी आणि चाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं. दोन हजार वर्षांमागं राजा दासाबद्दल दगडावर बोलतो, ही मोठी गोष्ट. पण दास ठेवू नका, असं तो म्हणत नाही. नीट वागवा म्हणतो. धन्याला केलेला उपदेश वेगळा आणि दासाचा हक्क वेगळा. तो हक्क लिहायला १९५० सालची घटना लागली.

शेवटी बंदराचं काय झालं? स्तूपातल्या आठ मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे तेव्हाही कुणीतरी स्तूप उघडून श्रद्धेनं त्या ठेवल्या. दहाव्या शतकात मसूदी या अरब लेखकानं सोपाऱ्याचं नाव लिहिलं. पुढं खाडी गाळानं भरत गेली आणि व्यापार दुसऱ्या बंदरांकडं वळला. बंदर बामणानं बुडवलं नाही, गाळानं बुडवलं.

मग त्यांनी काहीच केलं नाही का? केलं. बघायला आपलं तेर जवळ आहे. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागच्या बाजूनं अर्धगोल आहे, चैत्यासारखं. हेन्री कझिन्स या पुरातत्त्ववाल्यानं ते मूळचं बौद्ध चैत्य असल्याचं मांडलं. आज आत बळीला पाताळात घालणारा त्रिविक्रम उभा आहे. बळीचं राज्य येवो म्हणणारी आपली आई-आजी त्यालाच हात जोडून येते. गाळ खाडीत भरतो तसा डोक्यातही भरतो. हा दुसरा गाळ काढणं आपल्या हातात आहे. पण तो काढताना सोन्याचा मुलामा देऊ नका. नाहीतर त्यांच्या पोथीशेजारी आपली पोथी, एवढंच.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला आले, ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेला. जुन्या वैभवाचा तो कार्यक्रम नव्हता. घोड्यापुढं पळणाऱ्या माझ्या आज्याचा तो प्रश्न होता. मला वाटतं, आपला इतिहास तिथून सुरू करावा. गाडीपुढं कोण चाललं, वाटणीत कुणाला घातलं, कुणाचं नाव दगडावर आलं आणि कुणाचं राहिलं.

पुढच्या अभ्यासवर्गाला त्या पोरानं आणि मी मिळून तेरला जायचं ठरवलंय. तुम्हीही आपापल्या गावात एक काम करा. गावाभोवतीच्या टेकाडांची, बारवांची, पडक्या ओट्यांची जुनी नावं म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. 'बुरूड राजाचा कोट' हे नाव कुणीतरी विचारलं आणि लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतंय. आपल्या म्हाताऱ्या गेल्या की ती नावंही जातील.