पोर्ट्रेट फोटोग्राफीचा योग्य दर कसा ठरवायचा? छोट्या स्टुडिओसाठी सोपं गणित

‘फोटो तर मोबाईलवरही निघतो, मग एवढे पैसे कशाचे?’ छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या फोटोग्राफरला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. उत्तर चटकन सुचत नाही, कारण अनेकांनी आपला दर हिशेब करून ठरवलेला नसतो. शेजारच्या स्टुडिओचा दर बघायचा, त्यातून पाचशे कमी करायचे आणि दरपत्रक लावायचं, एवढंच केलेलं असतं. पण शेजाऱ्याची जागा स्वतःची असेल, त्याचं घर दुसऱ्या उत्पन्नावर चालत असेल किंवा तोही तोट्यातच असेल. हे त्याच्या दरपत्रकावर लिहिलेलं नसतं.

म्हणून दर ठरवताना सुरुवात आपल्याच वहीतून करायची. लहान बाळांचे फोटो, डोहाळजेवण, बोरन्हाण, कौटुंबिक फोटो किंवा लग्नाच्या बायोडेटासाठीचे फोटो अशी कामं करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओचं उदाहरण घेऊन हे गणित पाहूया. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावाप्रमाणे आणि खर्चाप्रमाणे ते बदला, पद्धत तीच राहील.

पायरी १ : एका शूटला खरोखर किती तास लागतात?

ग्राहकाला दिसतात ते दोन तास. त्याच्या आगेमागे बरंच काम असतं.

- फोनवरचं बोलणं आणि मेसेज : १ तास
- पार्श्वभूमी, लाइट आणि कपड्यांची तयारी : १ तास
- प्रत्यक्ष शूट : २ तास
- फोटो कॉपी करून निवडणं : १ तास
- एडिटिंग : ४ तास
- प्रिंट करून घेणं आणि ग्राहकाला फोटो देणं : १ तास

एकूण १० तास. म्हणजे दोन तासांचे चार हजार मिळाले की तासाला दोन हजार सुटले असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते चारशेच असतात. त्यातूनही खर्च वजा व्हायचा असतो. दोन-तीन शूटचे तास घड्याळ लावून मोजले, की तुमचा स्वतःचा आकडा हाती येईल.

पायरी २ : वर्षाचा खर्च लिहून काढा

आधी साधनांची किंमत धरू. कॅमेरा १ लाख, लेन्स ६० हजार, लाइट, स्टँड आणि पडदे ४० हजार, कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क ८० हजार. एकूण २ लाख ८० हजार. ही साधनं चार वर्षं चालतील असं धरलं, तर वर्षाला ७० हजार रुपयांची झीज होते. यालाच घसारा म्हणतात. कॅमेऱ्याचं शटर प्रत्येक क्लिकमागे झिजतं, हार्ड डिस्क कधीतरी बंद पडते. हे पैसे आज खिशातून जात नाहीत, म्हणून हिशेबात धरायचे राहून जातात.

बाकीचा वार्षिक खर्च असा :

- जागेचं भाडं : ७२,०००
- वीज : १८,०००
- मोबाईल आणि इंटरनेट : १२,०००
- सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन साठवण : १२,०००
- दुरुस्ती आणि विमा : १६,०००
- प्रवास आणि जाहिरात : २०,०००

हे झाले १ लाख ५० हजार. घसारा धरून २ लाख २० हजार.

यात स्वतःचा पगार मिळवा. महिना ३० हजार धरला तर वर्षाचे ३ लाख ६० हजार. ‘उरेल ते माझं’ असं म्हणणारा मालक स्वतःच्याच दुकानात फुकट राबतो. आता बेरीज ५ लाख ८० हजार झाली. अडीअडचणीसाठी आणि धंदा वाढवण्यासाठी त्यावर १० टक्के ठेवले, की वर्षाला लागणारी रक्कम होते ६ लाख ३८ हजार.

पायरी ३ : वर्षात किती शूट होतील?

आठवड्याला ४८ तास काम धरा. यातले साधारण १८ तास हिशेब, साफसफाई, इन्स्टाग्रामच्या पोस्ट आणि नुसती चौकशी करून जाणाऱ्या लोकांत जातात. उरले ३० तास, म्हणजे आठवड्याला ३ शूट.

वर्षाचे ५२ आठवडे मात्र धरू नका. पितृपक्षात शुभकार्यांची कामं थांबतात, भर पावसाळ्यात बाहेरची शूट पुढे ढकलली जातात, शाळांच्या परीक्षा असतात, आपलं आजारपण आणि घरचे सणही असतात. ४० आठवडे धरले तर वर्षाला १२० शूट होतात.

पायरी ४ : आता दर काढा

६ लाख ३८ हजार भागिले १२० म्हणजे साधारण ५,३०० रुपये. प्रत्येक शूटचा थेट खर्च, म्हणजे प्रिंट, फ्रेम, फुलं वगैरे, ७०० रुपये धरला तर दर होतो ६,००० रुपये.

स्टुडिओ नवा असेल आणि वर्षाला ८० शूटच मिळत असतील, तर हाच आकडा साधारण ८,७०० वर जातो. तेवढा दर सुरुवातीला मिळणं अवघड असतं. अशा वेळी जागा भाड्याने न घेता गरजेपुरता तासावर स्टुडिओ घेणं, लेन्स विकत न घेता भाड्याने आणणं, असे खर्च कमी करण्याचे मार्ग आधी बघावेत.

चार हजारांत केलं तर काय बिघडतं?

तोटा लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. ४,००० मधून थेट खर्चाचे ७०० गेले, उरले ३,३००. १२० शूटचे झाले ३ लाख ९६ हजार. त्यातून भाडं, वीज वगैरे १ लाख ५० हजार वजा केले तर हातात २ लाख ४६ हजार राहतात, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये. बरं चाललंय असं वाटतं. मात्र घसारा वजा केला की खरी कमाई महिन्याला १४,७०० च्या आसपास येते. चार वर्षांनी कॅमेरा आणि कॉम्प्युटर बदलायची वेळ आली की गाठीला काही नसतं आणि मग कर्ज काढावं लागतं. डायरी भरलेली आणि खिसा रिकामा, असं होतं ते यामुळेच.

ग्राहकाला सहा हजार परवडत नसतील तर?

दर कमी करू नका, काम कमी करा. आपल्या हिशेबात एका तासाची किंमत साधारण ५३० रुपये पडते. बायोडेटासाठी अर्ध्या तासाचं शूट, एकच पेहराव, पाच फोटो आणि एकूण चार तासांचं काम असेल, तर २,१२० अधिक थोडा थेट खर्च धरून २,३०० रुपयांचं छोटं पॅकेज देता येतं. ग्राहकाची सोय होते आणि तुमचं नुकसानही होत नाही.

घासाघीस झाली तरी हाच नियम. पाचशे रुपये कमी करायचे असतील तर फ्रेम काढा किंवा फोटोंची संख्या घटवा. काहीच न काढता पाचशे सोडले, तर आधी पूर्ण पैसे देऊन गेलेल्या ग्राहकावर अन्याय होतो. नातेवाइकांना आणि मित्रांना सवलत द्यायचीच असेल, तर बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत दाखवा. कामाची खरी किंमत निदान कळते.

ग्राहकासाठीही योग्य दर

दर योग्य असला, तरी तो आधी न सांगितल्यास फसवणुकीसारखा वाटतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, या गोष्टी लिहून द्या :

- किती वेळ, किती पेहराव, एडिट केलेले किती फोटो
- जादा फोटोचा आणि जादा तासाचा दर
- फोटो कोणत्या तारखेला मिळणार
- आगाऊ रक्कम किती आणि तारीख बदलली तर तिचं काय
- प्रवासखर्च कोणाकडे

बाळांच्या शूटसाठी तारीख बदलण्याची मुभा जरूर ठेवा. बाळ आजारी पडलं म्हणून आगाऊ रक्कम बुडवली, तर ते कुटुंब परत येणार नाही.

जीएसटी आणि फोटोंचा हक्क

सेवा व्यवसायात आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रातल्या छोट्या स्टुडिओला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. नोंदणी केली तर फोटोग्राफी सेवेवर १८ टक्के कर लागतो. म्हणून दर सांगताना तो करासह आहे की कराशिवाय, हे स्पष्ट करा.

फोटोंच्या हक्काचा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, ग्राहकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहक असतो. वेगळा करार केला असेल तरच हे बदलतं. त्यामुळे त्यांच्या बाळाचा फोटो स्वतःच्या पेजवर टाकण्याआधी लेखी परवानगी घ्या. काही फोटोग्राफर अशा परवानगीच्या बदल्यात एखादा जादा प्रिंट देतात. हा सौदा दोघांनाही परवडतो.

दर कधी वाढवावा?

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, वही उघडून हिशेब पुन्हा मांडा. भाडं वाढलं असेल, एडिटिंगचा वेळ कमी झाला असेल, तर आकडा बदलेल. नवा दर महिनाभर आधी जाहीर करा आणि झालेली बुकिंग जुन्याच दराने पूर्ण करा. आठवड्याच्या तिन्ही जागा सतत भरत असतील आणि लोकांना महिनाभर थांबावं लागत असेल, तर दर वाढवायची वेळ झाली आहे असं समजा. वाढीनंतर थोडे ग्राहक कमी झाले तरी घाबरू नका. ६,००० चा दर ७,००० केला, तर १०२ शूटमध्येही पूर्वीच्या १२० शूटइतकी रक्कम हातात राहते, आणि वाचलेला वेळ उरलेल्या कामाला देता येतो.